सकाळ आपली, रात्र सगळ्यांची: बँकॉकचे पाच दिवस

नाशिकच्या एका तेवीस वर्षांच्या मुलीने विचारलंय: "ताई, आम्ही चौघं, दोन मुली आणि दोन मुलगे, नोव्हेंबरात पाच दिवस बँकॉकला चाललोय. होस्टेलमध्ये राहणार, म्हणजे इतर देशांतली मुलंमुली भेटतील. त्यांच्याबरोबर फिरावं का? एवढ्या गर्दीत गोंधळ उडणार नाही ना? आमच्यातली एक पक्की शाकाहारी आहे. आणि घरी बँकॉकचं नाव काढलं की सगळे गालातल्या गालात हसतात."

हसू दे. मी सोळा-सतरा वर्षं तिकडे गट घेऊन जातेय, माझ्या सासूबाई अजून शेजारणीला "सिंगापूरला गेलीय" म्हणून सांगतात.

होस्टेलमधल्या मुलांबरोबर फिरा, जरूर फिरा. फक्त सकाळी नको. आणि एका वेळी चारच्या वर जाऊ नका. माझं सगळं उत्तर एवढंच आहे, बाकीचा त्याचा खुलासा.

आधी चारचं बघू. बँकॉकची टॅक्सी चार माणसं घेते. टुकटुकमध्ये तिघं नीट बसतात, चौथा अर्धा बाहेर. फुटपाथवरच्या खाऊगाडीचं पत्र्याचं टेबल चौघांचं. सहाजण झालात की दोन टॅक्सी, दोन टेबलं, आणि "ते कुठे राहिले?" असा फोन दर वीस मिनिटांनी. दहाजण झालात की शहर दिसायचं बंद होतं, पुढच्याची पाठ तेवढी दिसते. होस्टेलच्या हॉलमध्ये रात्री नऊला कोणीतरी म्हणतं "उद्या सगळे मिळून जाऊ या", सगळे हो म्हणतात, आणि दुसऱ्या दिवशी साडेअकरापर्यंत कोणाची तरी आंघोळ राहिलेली असते. त्यात त्यांची चूक काही नाही. होस्टेलमधली बरीच मुलं तीन-तीन महिने फिरायला निघालेली असतात. कोणी कॉलेज सुरू होण्याआधी, कोणी नोकरी सोडून. त्यांना बँकॉकमध्ये आणखी एक दिवस गेला तरी फरक पडत नाही. तुमच्याकडे पाच आहेत.

म्हणून सकाळ आपल्या चौघांची. सातला बाहेर पडा, बारा-साडेबाराला परत. दुपारी झोपा. लाज बाळगू नका, नोव्हेंबरात पाऊस ओसरलेला असला तरी दुपारचा दमटपणा मुंबईच्या ऑक्टोबरला लाजवेल असा असतो. आणि संध्याकाळी पाचनंतर जो भेटेल त्याच्याबरोबर. खाणं, बाजार, नदीकाठ, गप्पा यांना घोळका चालतो. देवळं आणि राजवाडा यांना चालत नाही.

आता शहर कसं फिरायचं ते. नकाशावर बँकॉक बघून लोक रस्त्याने जायचा बेत करतात आणि सुखुमवितच्या सिग्नलला चाळीस मिनिटं टॅक्सीचा मीटर बघत बसतात. मीटर 35 बाटला सुरू होतो, फार महाग नाही, पण वेळ जातो. (हिशेबाला एक बाट म्हणजे तीन रुपये धरा, खिसा सुरक्षित राहतो.) गर्दीच्या वेळी या शहरात रस्ता हा शेवटचा पर्याय. वरून जा, खालून जा, नाहीतर पाण्यातून जा. वरून म्हणजे बीटीएस, खांबांवरची रेल्वे, 1999 पासून चालू आहे. खालून म्हणजे एमआरटी, 2004 ची. तिची निळी लाइन 2019 मध्ये जुन्या शहरात आणि नदीखालून पलीकडे गेली, त्यामुळे आमच्यासारख्यांचं अर्धं काम सोपं झालं. सनाम छाय स्टेशनला उतरा, एखाद्या दरबारात उतरल्यासारखं वाटेल: खांब, सोनेरी छत, सगळं तसंच केलंय. वर आलात की वाट फो (थाईत वाट म्हणजे देऊळ) चालत पाच मिनिटांवर.

पण माझं मन पाण्यात आहे. साथोर्नच्या धक्क्यावर (बीटीएसचं साफान ताक्सिन स्टेशन, त्याच्या बरोबर खाली) तुम्हाला निळ्या झेंड्याच्या पर्यटक बोटीचं तिकीट विकायला लोक पुढे येतील. हसून पुढे जा आणि नारिंगी झेंड्याची बोट विचारा. शाळेची पोरं, बाजारहाट केलेल्या बायका, भगव्यातले भिक्षू, सगळे तिच्यात असतात. भाडं वीस बाटच्या आतबाहेर. तिकीट काढणारी बाई हातातली धातूची नळकांडी खुळखुळवत येते, आपल्या एसटीच्या कंडक्टरचा चिमटा आठवतो. बोटीच्या मागच्या टोकाला एक पोरगा उभा असतो, तो शिट्टी वाजवतो. आखूड शिट्टी, लांब शिट्टी, दोन आखूड. पुढे बसलेल्या चालकाला धक्का दिसत नाही, तो शिट्टीवर बोट मागेपुढे करतो. पहिल्या दिवशी फक्त ते ऐकायला बसले तरी माझे पैसे वसूल होतात. मुलींनो, भिक्षूंसाठी राखलेल्या जागेत किंवा भिक्षूंना खेटून बसायचं नाही. स्त्रीचा स्पर्श त्यांना वर्ज्य आहे, उगाच त्या म्हाताऱ्या माणसाची पंचाईत होते.

दुसरी जलवाट सेन सेप कालव्याची. हा कालवा एकोणिसाव्या शतकात, तिसऱ्या राम राजाच्या काळात, पूर्वेच्या लढायांसाठी खणला. आज त्यातून शहरातली सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात वास मारणारी बोट जाते. जुन्या शहरातल्या फान फाच्या धक्क्यापासून सियाम, प्रतूनामपर्यंत पंधरा-वीस मिनिटांत, वर रस्त्यावर तासभर लागला असता. कडेला प्लास्टिकची ताडपत्री असते आणि ती वर ओढायला दोरी. समोरून दुसरी बोट आली की काठाला बसलेल्याने ती दोरी खेचायची असते, कोणी सांगत नाही. तुम्ही काठाला बसलात आणि नाही खेचलीत तर मागची ओळ कालव्याच्या पाण्याने न्हाते. हेल्मेट घातलेला तिकीटवाला बोटीच्या बाहेरच्या कठड्यावरून, पाण्यावर लोंबकळत, पैसे गोळा करत जातो.

याच बोटीवर मी चारचा नियम शिकले. आमच्या गटातली तीन मुलं आणि होस्टेलमधली पाच, असे नऊजण प्रतूनामला उभे. बोट धक्क्याला पंधरा सेकंद थांबते, दोरसुद्धा नीट बांधत नाहीत. पाचजण उड्या मारून आत, मी पाचवी. चारजण धक्क्यावर, आणि बोट निघाली. त्या चौघांतल्या एकाकडे तिथलं सिम होतं, ते बंद. आम्ही पुढच्या धक्क्यावर उतरून परत आलो तोवर ते पुढच्या बोटीने आमच्या मागे आले होते. असं दोनदा झालं. तिसऱ्यांदा भेटलो तेव्हा एक कोरियन मुलगी शांतपणे म्हणाली, चुकलं की कोणीही हलायचं नाही, जे पुढे गेले त्यांनीच परत यायचं. तेव्हापासून हा नियम मी प्रत्येक गटाला विमानतळावरच सांगते. तुम्हीही ठरवून घ्या. ही बोट संध्याकाळी लवकर बंद होते, तेव्हा रात्रीचा बेत तिच्यावर टाकू नका.

पहिली सकाळ जुन्या शहराला द्या, रत्नकोसिनला. 1782 मध्ये पहिल्या रामाने राजधानी नदीच्या या काठावर आणली. शहराचं पूर्ण नाव जगातल्या सगळ्यात लांब स्थळनावांत मोजतात, आणि आपल्याला ते निम्मंअधिक कळतं. क्रुंग थेप महानखोन म्हणजे देवांचं महानगर. पुढे त्यात अयुध्या येते, नवरत्न येतात, आणि शेवटी इंद्राने दिलेलं, विश्वकर्म्याने बांधलेलं असं येतं. थाई उच्चारात विश्वकर्म्याचा वित्सनुकाम झालाय. एखाद्या थाई मुलाला विचारा, गाण्यासारखं म्हणून दाखवेल.

राजवाडा साडेआठला उघडतो. परदेशी माणसाला 500 बाट. गुडघे आणि खांदे झाकलेले हवेत, मुलग्यांचेसुद्धा. भिंतीबाहेर नीटनेटका शर्ट घातलेला एक गृहस्थ भेटेल. गळ्यात कसलंसं ओळखपत्र, इंग्रजी उत्तम. तो सांगेल, आज पूजा आहे, वाडा एकपर्यंत बंद, तोवर वीस बाटमध्ये टुकटुकने चार देवळं बघून या. वाडा बंद नसतो. मी हे 2009 मध्ये शिकले. तेव्हा गटबिट नव्हता, आम्ही तीन मैत्रिणी होतो. देऊळ खरंच दाखवलं त्याने, एक. मग एक रत्नांचं दुकान, थंडगार, लिंबू सरबत, "सरकारी सवलतीचा आज शेवटचा दिवस". मैत्रिणीने सहा हजार बाटचे निळे खडे घेतले. डोंबिवलीत सराफाने भिंगातून बघितलं, भिंग खाली ठेवलं आणि विचारलं, चहा घेणार का? म्हणून सांगते: रस्त्यात आपणहून येऊन कोणी काही बंद असल्याचं सांगितलं तर दारापर्यंत चालत जा आणि स्वतः बघा.

वाड्याच्या आत वाट फ्रा केव्हच्या ओवरीत घाई करू नका. तिथे भिंतींवर रामायणाची, म्हणजे त्यांच्या रामकियेनची, 178 चित्रं आहेत. इतर देशांतली मुलं सोनं बघून पुढे जातात, आपल्याला तिथे गोष्ट वाचता येते. रावणाचं नाव थोत्सकान, म्हणजे दशकंठ. सेतू बांधताना दगड पळवणारी मत्स्यकन्या शोधा, सुफान मच्छा, सुवर्णमत्स्या. ती दशकंठाची मुलगी आणि हनुमानाची प्रेयसी. होय, हनुमानाची. त्यांचा मारुती ब्रह्मचारी बिलकूल नाही. शनिवारी तेल वाहणाऱ्या आमच्या गटातल्या एका काकांना हे सांगितलं तर ते दहा मिनिटं बोलले नाहीत, मग म्हणाले, "तिकडची हवाच तशी."

वाट फोमध्ये 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध सगळे बघतात. मागच्या बागेतल्या ऋषींच्या मूर्ती कोणी बघत नाही: हातपाय ताणलेले, वाकलेले, आसनं करणारे दाढीवाले. थाई मसाजची परंपरा या आवाराशी जोडलेली आहे आणि मसाज इथेच देवळाच्या आवारात करून घ्या. अंगभर कपड्यात, सगळ्यांसमोर ओळीने गाद्या. घरच्यांना हा फोटो पाठवा. मग था तियनच्या धक्क्यावरून पाचेक बाटच्या तरीने पलीकडे वाट अरुण. बारा वाजले असतील. परत जाऊन झोपा.

बाकीच्या सकाळी तुमच्या तुम्ही लावा. एक सकाळ रेल्वेने अयुध्येला जा, तिसऱ्या वर्गाचं तिकीट वीस बाटच्या आसपास. 1767 मध्ये ब्रह्मी फौजेने जाळलेली ही जुनी राजधानी सायकलवर छान फिरता येते. झाडाच्या मुळांत अडकलेल्या बुद्धाच्या मस्तकाबरोबर फोटो काढताना खाली बसा, त्याच्या वर डोकं नको. शनिवार-रविवार असेल तर चतुचक बाजार, पण सकाळीच, दुपारी तिथे भाजून निघाल. एक सकाळ काहीच न ठरवता तलात नोई या जुन्या वस्तीच्या गल्ल्यांत. मॉलना मी सकाळ देत नाही, ती दुपारच्या उन्हातून पळून जायची जागा.

आता संध्याकाळ, म्हणजे होस्टेलची मुलं. हॉलमध्ये बसलेल्याला "कुठून आलास" विचारण्यापेक्षा "आम्ही सहाला याओवारातला, चायनाटाउनमध्ये, जेवायला निघतोय, येतोस?" असं विचारा. ठिकाण आणि वेळ दोन्ही सांगितली की येणारा येतो, न येणारा येत नाही, आणि वाट कोणाची बघावी लागत नाही. सहा-सातजण झालात तर निघतानाच दोन तुकड्या करा आणि भेटायची जागा ठरवा. एमआरटीचं वाट मंगकोन स्टेशन, एक नंबरचं दार, असं नेमकं. पैसे आपल्याकडच्यासारखे टीटीएमएम. तुझं तू, माझं मी हे तिथे कोणाला कमीपणाचं वाटत नाही. उलट "मी देतो, मी देतो" ही आपली ओढाताण सुरू केलीत की बिचाऱ्यांना कळेनासं होतं. मात्र मोठ्या हॉटेलात सामाईक बिल टाळा. शाकाहारी मुलगी भात खाते आणि खेकड्याचे पैसे भरते, असं होतं.

याओवारात म्हणजे चायनाटाउनचा मुख्य रस्ता. नाव आपल्या युवराजवरून आलेलं. सोमवारी जाऊ नका, बऱ्याच गाड्या बंद असतात. इतर दिवशी संध्याकाळी सहानंतर रस्त्याची एक कड खाऊगाड्यांची होते आणि जाळाचे लोळ दिसतात.

तुमच्या शाकाहारी मैत्रिणीला दोन शब्द पाठ करायला लावा. पहिला "मांगसविरत". लिहिताना मांसविरति, ऐकताना थोडा वाकडा. याचा अर्थ मांस नाही, पण अंडं चालतं. दुसरा "जे". याच्यात मांस, अंडं, दूध तर नाहीच, कांदा-लसूणही नाही. चातुर्मास पाळणाऱ्या आजीलाही चालेल. जेची खूण म्हणजे पिवळ्या पट्टीवर लाल अक्षर, 17 या इंग्रजी आकड्यासारखं दिसणारं. आपल्या नवरात्राच्या सुमारास त्यांचा "जे" सण असतो तेव्हा याओवारात त्या पिवळ्या झेंड्यांनी भरून जातो. तुम्ही नोव्हेंबरात जाताय, तेव्हा शोधावं लागेल. फसवते ती नाम प्ला, माशाचं पाणी. भाजी नुसती हिरवी दिसते आणि त्यात ते असतं. "माय साय नाम प्ला" म्हणायचं, नाम प्ला घालू नका. कच्च्या पपईच्या सोम तामपासून तिला लांब ठेवा, त्यात सुकी कोळंबीही असते. अगदीच कंटाळली तर पाहुरत या भारतीय वस्तीतल्या गुरुद्वाऱ्यात सकाळचा लंगर असतो, सोनेरी घुमट लांबून दिसतो, डोकं झाकून जा. तिथून याओवारात चालत. आणि आंबा-चिकटभात चारही जणांनी रोज खा, नारळाच्या दुधातला, मोसम नसला तरी.

खाओसान रस्ता एकदा बघावा. खाओसान म्हणजे तांदूळ, पूर्वी तिथे तांदळाचा बाजार होता. आता तळलेले विंचू आणि कर्कश गाणी. प्लास्टिकच्या बादलीत दारू, थंड पेय आणि स्ट्रॉ घालून देतात. एका बादलीत किती आहे हे पिणाऱ्याला कळत नाही, आणि बादली टेबलावर ठेवून नाचायला जायचं नाही. ई-सिगारेटवर थायलंडमध्ये बंदी आहे, होस्टेलमधल्या कोणाच्या हातात दिसली तरी तुम्ही हातात घेऊ नका. गांजाची दुकानं दिसतील. 2022 मध्ये मोकळीक दिली होती, 2025 मध्ये पुन्हा डॉक्टरच्या चिठ्ठीची अट आली. सामानात त्यातलं काहीही घेऊन मुंबईत उतरलात तर आपला कायदा आहेच. स्कूटर भाड्याने घेऊ नका. अनामत म्हणून पासपोर्ट तर कोणालाच देऊ नका. काही झालं तर पर्यटक पोलिसांचा नंबर 1155, इंग्रजीत बोलतात.

मुलग्यांसाठी एक वेगळं. गालातल्या गालात हसणारे काका जे शहर डोळ्यांपुढे आणतात ते तीन-चार गल्ल्यांत आहे. तिथे आपल्याकडच्या पुरुषांचे घोळके कसे वागतात हे मी बघितलंय, आणि त्याची किंमत पुढच्या भारतीय मुलाला होस्टेलच्या काउंटरवर मोजावी लागते. न विचारता बायकांचे फोटो काढायचे नाहीत. मोठ्याने भाव करायचा नाही. घासाघीस हसत करा, तिथे आवाज चढवणाऱ्याला कोणी वस्तू देत नाही. राजघराण्याबद्दल विनोद अजिबात नको, तो तिथे खराखुरा गुन्हा आहे.

एका संध्याकाळी सहाच्या आधी लुंफिनी बागेत पोचा. तळ्याकाठी माणसाएवढ्या घोरपडी निवांत फिरत असतात. तुमच्याबरोबर नेदरलँड्स किंवा ब्राझीलचं कोणी असेल तर त्यांना तानाजीच्या घोरपडीची गोष्ट सांगा, आमच्या गटात ती हमखास चालते. बरोबर सहाला भोंग्यातून राष्ट्रगीत लागतं. शेकडो लोक पळत असतात, व्यायाम करत असतात, ते असतील तिथे थांबतात. एक पाय पुढे टाकलेली बाई तशीच उभी. घोरपड तेवढी चालत असते. मिनिटभरात गाणं संपतं आणि सगळी बाग पुन्हा पळू लागते. तुम्हीही थांबा.

तारखा अजून हातात असतील तर पौर्णिमा बघून घ्या. लोय क्राथोंग हा त्यांचा दिवे सोडायचा सण, बहुधा आपल्या त्रिपुरी पौर्णिमेलाच येतो. केळीच्या खोडाच्या चकतीवर फुलं, उदबत्ती आणि मेणबत्ती लावून नदीत सोडतात. नाशिकच्या मुलीला गोदावरीचे दिवे आठवतील. त्या रात्री मात्र धक्क्यांवर प्रचंड गर्दी होते, तेव्हा चौघांचा नियम दुप्पट पाळा.

निघण्याआधी तीन कामं. थायलंडमध्ये शिरताना भरायचा डिजिटल फॉर्म 1 मे 2025 पासून सक्तीचा आहे, पोचण्याआधीच्या तीन दिवसांत भरायचा आणि तो फुकट आहे. पैसे मागणारं संकेतस्थळ उघडलंत तर बंद करा. व्हिसाचे नियम अधूनमधून बदलतात, तिकीट काढलं त्या दिवशीचं ऐकीव धरून बसू नका, निघायच्या आठवड्यात पुन्हा बघा. होस्टेलच्या लॉकरसाठी स्वतःचं कुलूप न्या, छोटं, नाशिकहूनच.

आणि परतीच्या तिकिटावर विमानतळ कोणता आहे ते आत्ताच बघा. सुवर्णभूमी एका टोकाला, डॉन म्युआंग दुसऱ्या. उतरलात एकावर म्हणून निघालही तिथूनच, असं नसतं. गेल्या हिवाळ्यात माझ्याच गटातले दोघं, चार दिवस सगळं चोख करून, पाचव्या पहाटे भलत्याच विमानतळावर रांगेत उभे होते. काउंटर आला तेव्हा कळलं.